रेअर अर्थ शोधणाऱ्या छोट्या खाणकंपन्या : शेअर घेण्याआधी नेमकं काय वाचावं?

गारगोटी

एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा, धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जुलैमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एमपी मटेरियल्स या कंपनीत ४० कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं. तेव्हापासून कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजारांतल्या अगदी छोट्या शोधकंपन्यांकडेही लोकांचं लक्ष गेलंय. या कंपन्यांकडे खाण नसते, विक्री नसते, नफा तर नसतोच. जमिनीच्या एका पट्ट्यावर शोध घ्यायचा परवाना, दोन-चार भूशास्त्रज्ञ आणि बँकेत थोडी रोकड, एवढाच काय तो संसार. यात पैसे घालावेत का, असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं असं की या धंद्यात 'सापडलं' या बातमीला फार कमी किंमत द्यावी. सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकंच आहे. रेअर अर्थ असलेला खडक सापडणं ही अवघड गोष्ट नाही. तो खडक फोडून त्यातले सतरा एकमेकांसारखे धातू वेगळे काढणं अवघड आहे, आणि त्याला पैसा लागतो, वर्षं लागतात. ती वर्षं कंपनी कोणाच्या पैशावर काढणार? तर शेअर घेणाऱ्यांच्या. त्यामुळे शेअर घेताना आपण जमिनीतला धातू घेतोय असं वाटत असलं तरी प्रत्यक्षात आपण कंपनीकडची उरलेली रोकड आणि पुढचा पैसा मिळेपर्यंतचा वेळ विकत घेत असतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये काढलेला आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शोध लागल्यापासून पहिलं उत्पादन निघेपर्यंत खाणीला सरासरी सोळा वर्षांहून जास्त लागतात. एवढ्या काळात धातूचा भाव दोनदा चढून दोनदा पडू शकतो.

हे आधी घडलेलं आहे. २०१० मध्ये चीनने निर्यातीचा कोटा सुमारे ४० टक्क्यांनी कापला, सप्टेंबरमध्ये जपानशी बोटीवरून वाद झाला आणि जपानकडे जाणारा माल अडला. भाव आभाळाला भिडले. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही जुनी खाण हातात असलेली मॉलिकॉर्प जुलै २०१० मध्ये १४ डॉलरने बाजारात आली आणि २०११ मध्ये तिचा शेअर ७० डॉलरच्या वर गेला. नंतर भाव कोसळले, कारखान्यावर घेतलेलं कर्ज झेपेना, आणि जून २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. बघा, हिच्याकडे सिद्ध झालेला साठा होता, चालवून पाहिलेली खाण होती! तरी ही गत. मग जिच्याकडे फक्त चार बोअरचे निकाल आहेत, तिच्याबद्दल किती जपून बोलायला हवं?

(आज एमपी मटेरियल्स चालवते ती खाण हीच. जमीन तीच, खनिज तेच, शेअरहोल्डर मात्र वेगळे.)

नवशिका

धागा वेळेवर आला. मी एका कंपनीवर नजर ठेवून आहे, नाव लिहीत नाही. तिने मागच्या आठवड्यात जाहीर केलं की एका बोअरमध्ये '४० मीटर, १ टक्का एकूण रेअर अर्थ ऑक्साइड' मिळालंय, आणि शेअर एका दिवसात दुपटीला पोचला. हा निकाल चांगला की वाईट, हे माझ्यासारख्याने ठरवायचं कसं?

कातळ

बोअरचे कोअर तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून याचं उत्तर देतो.

कोअर म्हणजे बोअरमधून निघालेला दगडाचा लांब दांडा. तो खोक्यात ओळीने लावतात, करवतीने उभा अर्धा कापतात, एक अर्धा प्रयोगशाळेत जातो आणि दुसरा जपून ठेवतात. तपासणीचे आकडे साधारण मीटर-मीटरच्या तुकड्यांचे येतात. बातमीत जे छापतात ते मात्र त्या तुकड्यांची सरासरी असते, आणि सरासरी कुठून कुठपर्यंत काढायची हे कंपनी ठरवते.

समजा त्या ४० मीटरांपैकी ४ मीटरांत ९ टक्के आहे आणि उरलेल्या ३६ मीटरांत जेमतेम ०.१ टक्का. बेरीज करून ४० ने भागा, उत्तर येतं ०.९९. झाला तुमचा '४० मीटर, १ टक्का'. आकडा खोटा नाही, पण खाणीसाठी कामाचे मीटर फक्त चार आहेत. म्हणून बातमीचा मथळा सोडा आणि शेवटी जोडलेला तक्ता उघडा. तिथे 'यात समाविष्ट' अशी ओळ असते. त्या ओळीतला पट्टा मुख्य आकड्यापेक्षा खूप जास्त ग्रेडचा (ग्रेड म्हणजे खडकातलं धातूचं प्रमाण) आणि खूप छोटा असेल, तर बाकीचा खडक रिकामा आहे असं समजायचं.

दुसरं म्हणजे जाडी. खनिजाचा थर तिरका असेल आणि बोअर त्या थराच्याच दिशेने उतरत गेला, तर दहा मीटरच्या थरातून चाळीस मीटर 'खनिज' निघतं. खरी जाडी किती, हे कंपनीने सांगायला हवं. 'खरी जाडी अद्याप माहीत नाही' असं लिहिलं असेल तर पहिल्या बोअरला ते चालतं, पंधराव्या बोअरला चालत नाही.

आणि प्रयोगशाळेचे निकाल यायच्या आधीच, हातातल्या एक्सरे यंत्राचे आकडे किंवा डोळ्यांनी पाहून केलेले अंदाज जाहीर होत असतील तर हात आखडता घ्या. लिथियमसारखा हलका धातू तर ते यंत्र मोजूच शकत नाही. जांभळ्या प्रकाशात चमकणाऱ्या कोअरचे फोटो सुंदर दिसतात, पण त्यावरून टक्केवारी कळत नाही.

धातुपरीक्षक

कातळ यांनी खडकाचं सांगितलं, मी पुढचं सांगतो, कारण माझ्या मते रेअर अर्थमध्ये ग्रेड हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न: धातू कोणत्या खनिजात आहे?

बास्टनेसाइट, मोनाझाइट आणि झेनोटाइम या तीन खनिजांमधून रेअर अर्थ काढायच्या पद्धती बऱ्याच काळापासून कारखान्यांत चालू आहेत. माउंटन पास आणि चीनची बायान ओबो खाण, दोन्हीकडे बास्टनेसाइट आहे. याउलट युडियालाइट. त्यात जड आणि महाग धातूंचं प्रमाण छान असतं, किरणोत्सार कमी असतो, कागदावर सगळं आकर्षक. पण आम्लात टाकलं की सिलिकाची जेली तयार होते, गाळण्या तुंबतात. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात हे सांभाळता येतं, कारखान्यात तेच करणं वेगळं. बातमीत खनिजाचं नावच नसेल, तर कंपनीला ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही, तर तेही उत्तरच आहे.

मोनाझाइटबरोबर थोरियम येतं, कधी युरेनियमही. हा प्रश्न फक्त रसायनाचा नाही, परवान्याचाही आहे. ग्रीनलंडमधला क्वानेफ्येल्ड साठा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. २०२१ मध्ये तिथल्या संसदेने युरेनियम दहा लाखांत १०० भागांपेक्षा जास्त असलेल्या साठ्यांवर बंदी घातली आणि प्रकल्प जागच्या जागी थांबला. खनिज तसंच जमिनीत आहे, शेअरहोल्डरांच्या हातात काही नाही.

आता मातीतले साठे. दक्षिण चीनमध्ये आयनिक क्ले नावाची माती आहे. ग्रेड फक्त ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, पण अमोनियम सल्फेटच्या साध्या द्रावणाने धुतलं की धातू सुटून येतात. दळायची गरज नाही, भाजायची गरज नाही. ब्राझीलची सेरा व्हेर्दे ही खाण याच प्रकारची. त्यामुळे हल्ली कुठल्याही कंपनीला मातीत थोडं रेअर अर्थ दिसलं की ती आपली माती आयनिक असल्याचं सांगते. पडताळायची खूण सोपी आहे. चाचणीचा पीएच बघा. पीएच ४ च्या आसपास अमोनियम सल्फेटने चांगली रिकव्हरी मिळाली असेल (म्हणजे मातीतला बराचसा धातू हाती लागला असेल) तर माती खरोखर आयनिक. पीएच १ च्या कडक आम्लाने काढलेली रिकव्हरी दाखवत असतील, तर त्या आम्लात लोखंड आणि अॅल्युमिनियमही विरघळणार, आम्लाचा खर्च वाढणार, आणि 'स्वस्त मातीतला साठा' हा मुद्दाच संपला.

शेवटचं, 'एकूण रेअर अर्थ' हा आकडा एकटा वाचू नका. सिरियम आणि लँथेनम किलोमागे एक-दोन डॉलरच्या घरातले धातू. पैसा निओडिमियम, प्रेझिओडिमियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियममध्ये आहे, कारण चुंबक त्यांचे बनतात. एकूण टक्क्यात या चौघांचा वाटा किती, ही ओळ शोधा.

वेगवान

माहितीबद्दल सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. तुम्ही सगळे खाण सुरू होईपर्यंतचा विचार करताय. मी तिथवर थांबतच नाही.

खाणकंपन्यांना पैसा पुरवणाऱ्या फ्रँको-नेवाडाचे सहसंस्थापक पिएर लासोंद यांच्या नावाने एक आलेख प्रसिद्ध आहे. शोध लागताना भाव वर, मग अभ्यास आणि परवान्यांच्या काळात लांबलचक उतार, आणि खाण बांधून होत आली की पुन्हा चढ. मी पहिल्या चढाचा गिऱ्हाईक. ड्रिलिंग सुरू व्हायच्या आधी घ्यायचं आणि बातमीच्या गर्दीत विकायचं. रसायन, परवाने, सोळा वर्षं, हे सगळं माझ्यानंतर येणाऱ्याने बघावं.

आणि हे खरोखर घडतं. डब्ल्यूए१ रिसोर्सेस २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात २० सेंटने बाजारात आली. त्याच वर्षी तिला वेस्ट अरुंटा भागात लुनीचा निओबियम साठा लागला, आणि दोन वर्षांत शेअर दहा डॉलरच्या वर होता. असा एक लागला की बाकीचे दहा बुडाले तरी चालतात.

गारगोटी

@वेगवान, तुमची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. ती वेगळी आहे, आणि जो ती पाळू शकतो त्याने पाळावी. पण दोन गोष्टी.

पहिली, डब्ल्यूए१ आपल्याला आज माहीत आहे कारण तिला लुनी लागली. ड्रिलिंगच्या आधी तिच्याकडे पाहिलं असतं तर ती शेकडो कंपन्यांमधली एक दिसली असती. दहा बुडाले तरी चालतील हे गणित तेव्हाच जमतं, जेव्हा अकरावा आपल्याकडे असतो, आणि तो शंभर टक्के वाढल्यावर आपण विकून मोकळे झालेलो नसतो.

दुसरी, बातमीच्या गर्दीत विकायला समोर घेणारा लागतो. या शेअरांची खरेदी-विक्रीची रांग इतकी विरळ असते की थोडी मोठी ऑर्डर टाकली तरी भाव चार-पाच टक्के हलतो. निकाल वाईट आला तर सकाळी बाजार उघडतो तोच निम्म्या भावाने. स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाला आपोआप विकायची ऑर्डर) लावलेला असून उपयोग नाही, मधल्या भावाला कुणी उभाच नसतो. तुमची पद्धत वापरायची असेल तर निकाल यायच्या आधी निदान मूळ रक्कम काढून घेतलेली बरी.

मैलाचा दगड

वाचतोय. धातुपरीक्षक यांचा पीएचचा मुद्दा नवीन होता, जपून ठेवला.

इतिहासातलं एक जोडतो. पोसायडन ही खाणकंपनी. सप्टेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात विंडारा इथे निकेल सापडल्याची बातमी आली, त्याच्या जरा आधी शेअर एका डॉलरच्या आत होता. फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलर! व्हिएतनाम युद्ध, कॅनडातला संप, यामुळे निकेलची टंचाई होती. प्रत्यक्ष उत्पादन निघेपर्यंत टंचाई संपली, ग्रेड अपेक्षेपेक्षा कमी निघाली आणि काही वर्षांत कंपनी बाजारातून बाहेर गेली. तिथे निकेल होतं, हे कुणी नाकारलं नाही. लिथियमचंही अलीकडचंच उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास होतं, २०२४ मध्ये एक लाखाच्या खाली.

सावकाश

आता पैशाचं बोलतो. छोट्या गुंतवणूकदाराचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

समजा कंपनीचे १० कोटी शेअर आहेत, भाव २० सेंट. तुमच्याकडे १० लाख शेअर, म्हणजे बरोबर १ टक्का. ड्रिलिंगला ४० लाख डॉलर हवेत. बँक कर्ज देणार नाही, कारण तारण काहीच नाही. मग कंपनी १६ सेंटने अडीच कोटी नवे शेअर काही निवडक लोकांना विकते. याला प्रायव्हेट प्लेसमेंट म्हणतात. गोडी म्हणून प्रत्येक दोन शेअरमागे एक वॉरंट देते, म्हणजे पुढे २५ सेंटला आणखी एक शेअर घेण्याचा हक्क. ते सगळे वापरले गेले तर आणखी सव्वा कोटी. एकूण झाले पावणेचौदा कोटी, आणि तुमचा १ टक्का उरला ०.७३ टक्के. हे एका वर्षाचं. खाणीपर्यंत असे किती हप्ते होतील ते तुम्हीच मोजा. मधेच दहा जुन्या शेअरांचा एक नवा शेअर करतात, त्यामुळे जुन्या आलेखात भाव कधीच सेंटमध्ये नव्हता असं वाटतं.

कॅनडात प्लेसमेंटचे शेअर सहसा चार महिने विकता येत नाहीत. मुदत संपली की बरेच जण शेअर विकून टाकतात आणि वॉरंट फुकटात ठेवतात. म्हणून प्लेसमेंटची तारीख लिहून त्यात चार महिने मिळवा. त्या सुमारास काही बातमी नसताना भाव घसरला, तर घाबरून विकायचं कारण नाही, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात घाईने घ्यायचंही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांचं एक बरं आहे. दर तिमाहीला त्यांना अपेंडिक्स ५बी नावाचा तक्ता भरावा लागतो. त्यात शेवटी एक ओळ असते, हातातली रोकड या वेगाने किती तिमाह्या पुरेल? उत्तर दोनपेक्षा कमी आलं तर पैसा कुठून आणणार याचा खुलासा कंपनीला करावाच लागतो. मी बोअरचे निकाल नंतर वाचतो, ही ओळ आधी. त्याच पानावर संचालकांना किती पैसे गेले हेही असतं. ड्रिलिंगपेक्षा पगार आणि प्रसिद्धीवर जास्त खर्च दिसला, तर मी पुढचं पान उघडत नाही.

दीपमाळ

सगळं पटतं, पण या वेळी परिस्थिती खरंच वेगळी नाही का? २०१० मध्ये सरकारं नुसती बोलत होती. आता अमेरिकेने एमपीला निओडिमियम-प्रेझिओडिमियमसाठी किलोला ११० डॉलरचा किमान भाव दहा वर्षांसाठी बांधून दिलाय. तेव्हाच्या बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त. चीनने भाव पाडून स्पर्धकांना संपवायचं, हा जुना खेळ आता चालणार नाही. याचा फायदा छोट्या कंपन्यांना होणारच.

गारगोटी

@दीपमाळ, वेगळी आहे, मान्य. चीन आजही जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण करतो, आणि इतर देशांना ते बदलायचं आहे, हे खरंच मोठं वळण आहे. मला त्याचा आनंदही आहे, कारण पवनचक्की असो की विजेची गाडी, एवढ्या गोष्टी एकाच देशावर टांगून ठेवणं कुणाच्याच हिताचं नाही.

पण तो ११० डॉलरचा भाव कोणाशी ठरलाय ते बघा. जिची खाण चालू आहे आणि जी स्वतः धातू वेगळे करते, अशा कंपनीशी. शोधकंपनीला तो भाव लागू नाही. सरकारचा पैसा उत्पादनाच्या अगदी जवळ पोचलेल्यांकडे आधी जातो. ऑस्ट्रेलियाच्या लायनस या कंपनीचं पाहा. २०११ च्या सुमारास जपानने तिला २५ कोटी डॉलरचा आधार दिला, तो तिच्याकडे माउंट वेल्डचा साठा आणि मलेशियातला कारखाना उभा राहत होता म्हणून. तरीसुद्धा पुढे भाव पडले तेव्हा तिचा शेअर काही सेंटवर आला, आणि जपानी कर्जदारांनी मुदत वाढवून दिली म्हणून ती तगली. ज्यांच्याकडे असा धीराचा कर्जदार नव्हता त्या गेल्या.

कातळ

फसवणुकीबद्दल कुणीच विचारलं नाही, म्हणून थोडक्यात. ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीचं सोन्याचं प्रकरण. इंडोनेशियातल्या बुसांग इथल्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, आणि १९९७ मध्ये फ्रीपोर्ट या मोठ्या खाणकंपनीने शेजारीच स्वतःचे बोअर मारले तेव्हा उघडकीला आलं. तिथे कोअरचा अर्धा भाग जपून न ठेवता सगळाच दळला जात होता, ही धोक्याची खूण आधीपासून डोळ्यांसमोर होती. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने एनआय ४३-१०१ हा नियम आणला. आता पात्र तज्ज्ञाच्या नावाशिवाय असे निकाल देता येत नाहीत.

रेअर अर्थमध्ये धातू टक्क्यात मोजतात, त्यामुळे चिमूटभर मिसळून काम भागत नाही. इथे दिशाभूल होते ती आकडे निवडून सांगण्यातून, आणि ती नियमात बसते. म्हणून तज्ज्ञाची सही आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सही आकडा खरा आहे एवढंच सांगते. खाण परवडेल की नाही, ते वेगळ्या अभ्यासाचं काम. साठ्यापुढे 'इन्फर्ड' लिहिलं असेल तर तो सगळ्यात कच्चा अंदाज. दूरदूरच्या बोअरांमधली जागा कल्पनेने भरलेली असते.

नवशिका

सगळ्यांचं वाचून काल रात्री त्या कंपनीचे कागद काढले. तक्त्यात 'यात समाविष्ट ५ मीटर, ६.८ टक्के' अशी ओळ आहे. रोकड १.४ तिमाही पुरेल असं लिहिलंय. खनिजाचं नाव कुठेच नाही, रिकव्हरीच्या चाचण्या 'पुढील टप्प्यात' आहेत. शेअर दुप्पट झालेल्या दिवसानंतर त्यांनी 'कॉर्पोरेट प्रेझेंटेशन' मात्र नवीन टाकलंय.

आत्ता घ्यावं की नाही?

सावकाश

१.४ तिमाही रोकड आणि नुकताच दुप्पट झालेला भाव. अशा वेळी कंपनी पैसे उभे करतेच, आणि तिच्या जागी कुठलाही शहाणा संचालक तेच करेल. प्लेसमेंट बाजारभावाच्या खाली येईल. त्यामुळे आत्ता घेणाऱ्याला काही आठवड्यांत तोच शेअर स्वस्तात मिळण्याची शक्यता बरीच आहे. थांबा.

५ मीटर गुणिले ६.८ म्हणजे ३४. पूर्ण ४० मीटरांची बेरीज ४०. उरलेल्या ३५ मीटरांच्या वाट्याला ६ आले, म्हणजे सरासरी ०.१७ टक्के. कातळ म्हणतात तसंच आहे.

धातुपरीक्षक

@नवशिका, कंपनीला ईमेल करताना 'मुख्य खनिज कोणतं आणि थोरियम किती' एवढंच विचारा. लांब पत्र लिहिलं की उत्तरही गोलमोल येतं. आणि ती पाच मीटरची जास्त ग्रेडची पट्टी शेजारच्या बोअरमध्येही लागली आहे का, ते कातळ यांना तक्ता दाखवून विचारा. लागली असेल तर ही कंपनी प्लेसमेंटनंतर पुन्हा बघण्यासारखी आहे.

नवशिका

शेजारच्या दोन बोअरचे निकाल अजून यायचेत. ईमेल पाठवली. उत्तर आलं की इथेच टाकतो, तोपर्यंत पैसे जागेवर.